कोण मोठा मल्ल?



मी कामगार चळवळीतला माणूस. तेव्हा मी पगार, बोनस आणि कायदा यांवरच बोलेन, अशी पुष्कळांची समजूत झाली असेल. तो विषय आज बाजूला ठेवला आहे. आज मला एका वादाविषयी बोलावयाचे आहे. या वादाला अध्यक्ष नसतो, घंटा वाजत नाही आणि आभारप्रदर्शनही होत नाही. तो आपल्या गावात पारावर चालतो, एस. टी. स्टँडवरच्या हॉटेलात चालतो, न्हाव्याच्या दुकानात तर बाराही महिने चालतो. वाद असा, की आजवर होऊन गेलेल्या मल्लांत खरा मोठा मल्ल कोण?

ज्यांना हा रिकामटेकड्यांचा उद्योग वाटतो, त्यांना मी जानेवारी २०२३ ची आठवण करून देतो. पुण्याला महाराष्ट्र केसरीची स्पर्धा होती. माती विभागाची अंतिम कुस्ती लागली ती मोहोळचा सिकंदर शेख आणि आपल्याच तालुक्याचा महेंद्र गायकवाड यांच्यात. दोन्ही गडी सोलापूर जिल्ह्याचे. महेंद्रने टांग मारली, पंचांनी चार गुण दिले, आणि त्या चार गुणांवरून साऱ्या महाराष्ट्रात रण माजले. चार की दोन? पाठ लागली की नाही? आठ-आठ दिवस माणसे दुसरे काही बोलत नव्हती. महेंद्र त्याच स्पर्धेत पुढे शिवराज राक्षेकडून हरला. सिकंदरने त्याच वर्षी नोव्हेंबरात, पुण्याजवळ फुलगावला, राक्षेला हरवून गदा घेतली. म्हणजे आखाड्याने आपला हिशेब दहा महिन्यांत पुढे नेला, पण हॉटेलातला हिशेब अजून तेथेच अडून आहे. २०२५ साली अहिल्यानगरला पंचांच्या निर्णयावरून जे घडले, तेही आपण पाहिले. मी पंच नव्हे. त्या चार गुणांचा निवाडा येथे करू लागलो तर हे व्याख्यान रात्री बारालाही संपावयाचे नाही, आणि व्यासपीठावरून खाली उतरताना मला टांग बसेल ती वेगळीच.

मला त्यात लक्षात राहिले ते वेगळे. तरुण मंडळी चार गुणांवर भांडत होती, आणि बाजूला बसलेले म्हातारे एकदम म्हणाले, "अरे, कसले गुण घेऊन बसलात? आमच्या बिराजदारला बघायला पाहिजे होते." झाले! दुसरा म्हणाला, "बिराजदार ठीक, पण मारुती माने?" तिसऱ्याने आंदळकरांचे नाव काढले. पाच मिनिटांत सिकंदर आणि महेंद्र दोघेही बाजूला राहिले आणि जे मल्ल आज या जगात नाहीत त्यांच्या कुस्त्या लागल्या.

या वादातले पक्ष कोणते ते आधी सांगतो, कारण भगिनीवर्गाला आणि विद्यार्थ्यांना ही नावे नुसती कानावरून गेलेली असतील. एक पक्ष श्रीपती खंचनाळे यांचा. हे बेळगाव जिल्ह्यातल्या एकसंब्याचे, कोल्हापूरच्या शाहूपुरी तालमीत तयार झालेले. १९५९ साली दिल्लीला पंजाबच्या बंतासिंगला हरवून ते पहिले हिंदकेसरी झाले. दुसरा पक्ष गणपतराव आंदळकरांचा. पुनवत गावचे, तालीम कोल्हापूरची मोतीबाग, १९६० चे हिंदकेसरी. तिसरा मारुती माने यांचा. सांगलीजवळच्या कवठेपिरानचे, १९६४ चे हिंदकेसरी. १९६२ साली जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेला हे दोघे बरोबर गेले होते आणि दोघांनी दोन-दोन पदके आणली. मान्यांना फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण व ग्रीको-रोमनमध्ये रौप्य, आणि आंदळकरांना नेमके उलटे, ग्रीको-रोमनमध्ये सुवर्ण व फ्रीस्टाइलमध्ये रौप्य. ग्रीको-रोमन म्हणजे ज्यात कमरेखाली धरावयाचे नाही आणि पायाचा डाव लावावयाचा नाही अशी कुस्ती. आता यावर मान्यांचा पक्ष म्हणतो, फ्रीस्टाइल हीच आपल्या मातीच्या कुस्तीला जवळची, म्हणून मानेच मोठे. आंदळकरांचा पक्ष म्हणतो, अंगवळणी नसलेल्या कुस्तीत सुवर्ण मिळवले, म्हणून आंदळकर मोठे. दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे, आणि म्हणूनच हा वाद साठ वर्षे टिकला.

चौथा पक्ष आपल्या भागात सर्वांत मोठा, तो हरिश्चंद्र बिराजदारांचा. हे लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडचे. मराठवाड्याच्या कोरडवाहू मुलखातला पोरगा कोल्हापूरच्या गंगावेस तालमीत जातो, १९६९ ला महाराष्ट्र केसरी होतो, १९७२ ला रुस्तुम-ए-हिंद होतो आणि पुढे बेळगावच्या मैदानात दिल्लीच्या सतपालला चीत करतो. ज्वारीच्या मुलखातल्या माणसाला यात आपला विजय वाटला तर नवल काय! आपली शाळू ज्वारी आता भौगोलिक मानांकन मिळवून बसली आहे. पण तिच्या भाकरीवर पोसलेले गडी उसाच्या मुलखातल्या गड्यांना भारी पडतात, हे मानांकन आपल्या लोकांनी बिराजदारांच्या नावावर केव्हाच लिहून ठेवले होते.

शिवाय दादू चौगुलेंचा पक्ष आहे, युवराज पाटलांचा आहे. आणि आपल्या जिल्ह्यापुरते बोलावयाचे तर बोरामणीच्या शेखांचे घर आहे. इस्माईल शेख १९८० चे महाराष्ट्र केसरी, आप्पालाल शेख १९९२ चे, मुन्नालाल शेख २००२ चे. एका घरात तीन गदा! त्यांच्या मागून करमाळा तालुक्यातला बाला रफिक शेख आला, मग मोहोळचा सिकंदर. यात्रेच्या फडात या मल्लांवर फेटे उडवणाऱ्यांनी कोणाची जात, कोणाचा धर्म विचारलेला मी पाहिला नाही. फडाबाहेर आपण इतके शहाणे का नसतो, हा निराळ्या व्याख्यानाचा विषय आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. हा वाद मिटत का नाही? लोक हट्टी आहेत म्हणून नव्हे. प्रत्येक जण वेगळ्या मापाने मोजतो म्हणून.

जगप्रसिद्ध गामाचेच उदाहरण घ्या. १९१० साली लंडनला त्याची कुस्ती पोलंडच्या झिबिस्कोशी झाली. झिबिस्को जमिनीला घोरपडीसारखा चिकटून राहिला. अडीच तासांहून अधिक वेळ गामा त्याला उलटवू पाहत होता, आणि कुस्ती अनिर्णित राहिली. पुढे १९२८ साली पतियाळाला तेच दोन मल्ल पुन्हा समोरासमोर आले आणि गामाने त्याला एका मिनिटाच्या आत चीत केले. मल्ल तेच, निकाल दोन. आता सांगा, १९१० ची कुस्ती कोणाच्या खात्यावर जमा करावी? जो अडीच तास चढाई करीत राहिला त्याच्या, की अडीच तास टिकून राहिला त्याच्या? आजच्या नियमाने तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या होतात. बचाव करणाऱ्याला ताकीद मिळते, गुण जातो. आजच्या पंचाने सहा मिनिटांत गामाचा हात वर केला असता. जुन्या फडात मात्र वेळेला घड्याळ नव्हते. दिवस मावळला की पंच कुस्ती सोडवीत, दोघांनाही निम्मे इनाम मिळे, आणि लोक घरी जाताना आपापल्या मल्लाला विजयी करून जात. म्हणजे जुन्या मल्लाचे यश गुणांत सांगता येत नाही आणि नव्या मल्लाचा दम तासांत मोजता येत नाही. माती आणि गादी यांचे तर पायच वेगळे. मातीत पाय रुततो, तेथे ताकद आणि दम चालतो; गादीवर चपळाई चालते. मग खंचनाळे विरुद्ध सिकंदर अशी कुस्ती लावणारा माणूस मातीवर लावतो की गादीवर, हे त्याने आधी सांगितले पाहिजे. ते कोणी सांगत नाही.

पण सर्वांत मोठे माप वेगळेच आहे, आणि ते आपण बोलूनही दाखवीत नाही. ते माप वजनाचे. आपल्या फडात एक नंबरची कुस्ती म्हणजे भारी वजनाच्या गड्यांची. हलक्या वजनाची पोरे दुपारी रेवड्यांवर आणि नारळावर खेळतात. हलगीचा खरा कडकडाट होतो तो संध्याकाळी, उंचापुरे गडी लांग चढवून आत उतरतात तेव्हा. या मापाने मोजले म्हणजे काय होते, ते खाशाबा जाधवांच्या बाबतीत दिसते.

खाशाबा कराडजवळच्या गोळेश्वरचे, जन्म १५ जानेवारी १९२६. शरीराने लहानखुरे. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकत असताना ते १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला गेले. तोपर्यंत सारी मेहनत मातीतली, तेथे कुस्ती गादीवर. तरी सहावा क्रमांक आला. १९५२ ला हेलसिंकीसाठी निवड होताना आपल्याला डावलले गेले असे वाटून त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा कुस्ती लावून घेतली आणि ती मारून दाखवली. हा भाग मला फार आवडतो. अन्याय झाला म्हणून रडत बसले नाहीत, चूप तर बसलेच नाहीत. रीतसर दाद मागितली! पण निवड झाली तरी जावयाचे कसे? पैसे कोण देणार? राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. गोळेश्वरच्या आणि कराडच्या लोकांनी वर्गणी काढली. आणि खाशाबांनी ५७ किलो गटात कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरे वैयक्तिक पदक मिळावयास १९९६ साल उजाडले, ते लिअँडर पेस यांना टेनिसमध्ये. आणि कुस्तीतले दुसरे पदक सुशीलकुमारने २००८ साली आणले, म्हणजे छप्पन्न वर्षांनी.

आता पारावरच्या वादात खाशाबांचे नाव कितीदा येते ते मला सांगा. येते, पण शेवटी, कोणीतरी शाळामास्तर असला तर. "हो, तेही होतेच की," असे म्हणून मंडळी पुन्हा मान्यांकडे वळतात. कारण काय? ५७ किलोचा गडी! आपल्या फडात त्याची कुस्ती चार वाजता लागून साडेचारला संपली असती. लोकांनी वजन पाहिले, आणि सरकारने तेही पाहिले नाही. खाशाबा १९५५ साली पोलीस खात्यात सब-इन्स्पेक्टर म्हणून लागले, तेथूनच निवृत्त झाले, आणि १४ ऑगस्ट १९८४ ला मोटार अपघातात वारले. अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो मृत्यूनंतर पंधरा वर्षे उलटून गेल्यावर. दिल्लीच्या कुस्तीच्या क्रीडागाराला त्यांचे नाव दिले २०१० साली. आज त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्राचा राज्य क्रीडा दिन झाला आहे. ठीक झाले. पण ज्या माणसाला निवृत्तिवेतनासाठी खेटे घालावे लागले, त्याच्या जन्मदिवशी आता फोटोला हार घालताना हात थोडा अडखळला पाहिजे.

एक गोष्ट त्यांच्या घरचे सांगतात. हेलसिंकीहून परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्यांचे मैदान भरवले, स्वतः लढले आणि त्या पैशातून खर्डेकरांचे कर्ज फेडले. ऑलिंपिकचे पदक गळ्यात असलेला माणूस गुरूचे घर सोडवण्यासाठी पुन्हा आखाड्यात उतरतो! माझ्या मते मोठेपणाच्या वादात ही कुस्ती सर्वांत वर धरली पाहिजे. तिचा प्रतिपक्षी कोण होता ते मात्र कोणाला विचारावेसे वाटत नाही.

खर्डेकरांचे नाव निदान राहिले. बाकीच्यांचे काय? मल्ल एकट्याच्या बळावर मोठा होत नाही. तालमीत पोरगा ठेवला की खुराक सुरू झाला. दूध, तूप, बदाम, थंडाई. आमच्यासारख्या घरात याचा अर्थ असा होता, की दावणीच्या म्हशीचे दूध थोरल्याला गेले आणि त्याच्या बहिणीने कोरा चहा घेतला. आईने हातातले गहाण टाकले. बापाने एक बैल विकला. जिंकला तर फेटा त्याला, हरला तर कर्ज सर्वांना. पारावरच्या वादात या बहिणीचे नाव आलेले मी अजून ऐकलेले नाही. २०२३ साली सांगलीला पहिल्यांदा महिलांची महाराष्ट्र केसरी झाली आणि प्रतीक्षा बागडी हिने ती जिंकली, तेव्हा मला आनंद झाला तो एवढ्यासाठी, की अखेर एका घरात दूध मुलीच्या पेल्यात पडले! ६२ वर्षे लागली या पेल्याला. पुरुषांची स्पर्धा १९६१ ची.

आता मी माझ्या धंद्यातला अनुभव सांगतो. एका साखर कारखान्यात माझ्या युनियनचा एक सभासद पहारेकरी होता. नाव सांगत नाही, कारखान्याचेही सांगत नाही. कान मोडलेले, मान बैलासारखी, पण गुडघे गेलेले. तरुणपणी दहा-बारा वर्षे तो यात्रेच्या फडांत दोन-तीन नंबरला लढत असे. किताब एकही नाही. गुडघा गेल्यावर तालमीतून बाहेर पडला तो थेट गेटवर आला. हंगामात काम, हंगाम संपला की घरी. कारखान्यातली पोरे जेवणाच्या सुट्टीत त्याच्याभोवती जमत आणि वाद त्याच्यापुढे नेत. माने मोठे की बिराजदार? तो बिडी विझवून म्हणे, "ज्यांचा हात माझ्या मानेवर पडला त्यांचे वजन मला ठाऊक. बाकीच्यांचे तुम्हालाच जास्त ठाऊक!" पोरे हसत. पण त्या उत्तराइतके प्रामाणिक उत्तर या वादात मी दुसरे ऐकले नाही.

तो निवृत्त झाला तेव्हा ग्रॅच्युइटीचा अर्ज आम्ही भरला. त्या वेळी १९७२ चा कायदा लागू होता. बारमाही कामगाराला वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, आणि हंगामी कामगाराला हंगामाला सात दिवसांचा. हातात आलेली रक्कम पाहून तो म्हणाला, "साहेब, एका यात्रेला एवढे इनाम मी एका कुस्तीत घेतले आहे." मी हिशेब करून पाहिला, रुपयाची तेव्हाची किंमत धरून. त्याचे म्हणणे खरे होते. मल्ल हाही हंगामी कामगारच. त्याचा हंगाम आठ-दहा वर्षांचा. यात्रा सुरू झाल्या की बोलावणे येते, पावसाळा आला की कोणी विचारीत नाही, आणि गुडघा गेला की मस्टरवरचे नाव कमी होते. फरक इतकाच, की मल्लाला मस्टरच नाही.

येथे मी त्या वाद घालणाऱ्या मंडळींच्या बाजूने बोलणार आहे. क्रिकेटची धाव न् धाव वहीत लिहिलेली असते. शंभर वर्षांपूर्वी कोणी किती चेंडू टाकले तेही सापडते. आपल्या यात्रांच्या कुस्त्यांची अशी वही नाही. महाराष्ट्र केसरी, हिंदकेसरी यांच्या याद्या आहेत. पण त्या याद्यांत वर्षाला एक नाव. बाकीचे शेकडो मल्ल राहिले आहेत ते फक्त या पारावरच्या म्हाताऱ्यांच्या डोक्यात. कामगार न्यायालयात आम्ही पुष्कळदा हे करतो. मालक म्हणतो, हा माणूस माझ्याकडे कामाला नव्हताच; मस्टर दाखवा म्हटले तर मस्टर नाही. मग आम्ही त्याच्याबरोबर काम केलेली चार माणसे पिंजऱ्यात उभी करतो. ती शपथेवर सांगतात की हा आमच्या शेजारच्या यंत्रावर होता, अमक्या दिवाळीला होता, अमक्या पावसात भिजत आला होता. त्या तोंडी पुराव्यावर माणसाचे दोनशे चाळीस दिवस सिद्ध होतात आणि त्याला नोकरी परत मिळते. पारावरचे म्हातारे म्हणजे असे साक्षीदार आहेत. ते भांडतात म्हणून मल्ल उरले. म्हणून त्या वादाला मी रिकामपणाचा उद्योग म्हणत नाही.

पण साक्षीदाराने जे पाहिले ते सांगावयाचे असते. आपले साक्षीदार जे पाहिले नाही तेच जास्त सांगतात. मी पन्नाशी ओलांडली. म्हणजे मान्यांची ऐन भरातली कुस्ती माझ्या वयाच्या कोणीही पाहिलेली नाही. तरी आम्ही छातीवर हात मारून तिचे वर्णन करतो! आणि ज्या कुस्त्या डोळ्यांनी पाहिल्या, आपल्या यात्रेतल्या, आपल्या तालमीतल्या पोरांच्या, त्यांविषयी विचारले की, "ती काय, साधीच होती," म्हणून सोडून देतो. सगळी साक्ष पाच-सहा नावांभोवती फिरते. त्या पाच-सहांना तुमच्या साक्षीची गरज उरलेली नाही. त्यांचे पुतळे आहेत, त्यांच्या नावाच्या स्पर्धा आहेत. किताब मिळवलेल्या मल्लांना सरकारचे मानधनही मिळते. बिराजदार, आंदळकर तर त्यांच्या चेल्यांतून उरले आहेत. पुण्याच्या काका पवारांपर्यंत बिराजदारांचा हात पोचलेला दिसतो. गरज आहे ती दोन नंबरच्या, तीन नंबरच्या गड्याला.

मंगळवेढ्यात बसून हे बोलताना मला एक गोष्ट टाळता येत नाही. १३३८ साली आपल्या या गावाच्या कुसाचे काम चालू होते. भिंत कोसळली आणि काम करणारे मजूर खाली गाडले गेले. त्यांत चोखोबा होते. नामदेव पंढरपुराहून आले. ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले त्या चोखोबांच्या म्हणून त्यांनी ओळखल्या, आणि महाद्वारी त्यांची समाधी झाली, अशी आपली परंपरा सांगते. चोखोबांचे नाव सातशे वर्षे राहिले, कारण त्यांचे अभंग होते आणि नामदेवांसारखा ओळखणारा माणूस होता. मी लहानपणापासून ही कथा कीर्तनात ऐकत आलो आहे. युनियनमध्ये काम करू लागल्यापासून मात्र दर वेळी मनात येते, की त्या भिंतीखाली आणखी किती जण होते? त्यांची नावे काय होती? त्यांच्या बायकापोरांचे पुढे कोणी पाहिले? तेव्हा मस्टर नव्हते आणि आता विचारावयास कोणी उरले नाही. मल्लांच्या बाबतीत अजून माणसे उरली आहेत, एवढाच फरक आहे.

तेव्हा माझी सूचना साधी आहे. व्याख्यानमालेच्या चिटणिसांशी मी बोललो आहे. एक कोरी, जाड पुठ्ठ्याची वही ते विकत आणणार आहेत आणि व्याख्यानमाला संपेपर्यंत ती येथे दाराजवळच्या टेबलावर राहील. तिच्यात मंगळवेढे तालुक्यातल्या तालमींत घाम गाळलेल्या मल्लांची नावे लिहावयाची. गाव कोणते, वस्ताद कोण, कोणत्या यात्रेत कोणाशी जोड लागली, इनाम काय, निकाल काय, पुढे पोटासाठी काय केले, आणि हयात असेल तर आज कोणाजवळ राहतो. घरात खुराक कोणी पुरवला तेही लिहा. त्या रकान्यात आई-बहिणींची नावे आली तर फारच उत्तम. ज्याने स्वतः पाहिले त्यानेच सांगावे आणि खाली आपले नाव घालावे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी हायस्कूलची चार मुले संध्याकाळी सहापासून बसणार आहेत. कोणाच्या घरी जुन्या मैदानांची छापील हँडबिले असतील तर ती आणावी. त्यांवर जोडी आणि इनाम दोन्ही छापलेले असते आणि त्याइतका पक्का पुरावा दुसरा नाही. हयात असलेल्यांची यादी वेगळी काढून, कोणाला वृद्धापकाळच्या कोणत्या योजनेत बसवता येईल ते पाहण्याचे आणि अर्ज भरण्याचे काम आमच्या युनियनच्या कचेरीकडे राहील. बाजारचा दिवस सोडून रोज सकाळी दहाला कचेरी उघडते.